भिंत आणि भुकटी यांच्याआधी नदी तपासा : कृष्णाकाठच्या आराखड्याविषयी खुले पत्र

प्रति,
सांगली परिसरातील कृष्णा नदीविषयी निर्णय घेणारे अधिकारी, लोकप्रतिनिधी आणि त्यांचे तांत्रिक सल्लागार यांस

विषय : नदीत नॅनो पदार्थाची भुकटी सोडण्याचा प्रस्ताव, काठावरील भिंत आणि नदीच्या आरोग्याची अपुरी तपासणी

सविनय नमस्कार,

नदीकाठाच्या कामांचा जो आराखडा सध्या मंजुरीच्या वाटेवर आहे, त्यातील एका कलमानुसार नाल्याच्या मुखाशी नदीत प्रकाश-उत्प्रेरक नॅनो पदार्थाची, म्हणजे प्रकाश पडला की रासायनिक क्रिया घडवणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची, भुकटी सोडली जाणार आहे. तिच्यामुळे सूर्यप्रकाशात पाणी शुद्ध होईल आणि पुढच्या टप्प्यात त्याच पाण्यातून हायड्रोजनही मिळवता येईल, असे त्यात म्हटले आहे. दुसरे कलम काठावर काँक्रीटची भिंत आणि तिच्यावरून फिरायला रस्ता करण्याचे आहे. या दोन्ही कलमांच्या आधी ‘नदीचे आरोग्य समाधानकारक आहे’ असे एक वाक्य आहे आणि शेवटी ‘स्थानिक तज्ज्ञांशी विचारविनिमय करण्यात आला’ असे दुसरे. त्या तज्ज्ञांत मला धरलेले आहे. मी बैठकीत जे बोलले ते इतिवृत्तात आले नाही, म्हणून तेच आता सर्वांसमोर लिहीत आहे.

मी सांगलीत रसायनशास्त्र शिकवते. सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने पाण्याचे विघटन करणारे नॅनो पदार्थ हा माझा अभ्यासविषय आहे. त्याची गोडी मला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात लागली. पातळ थरांच्या पदार्थांवर तेथे अनेक दशके काम चालू आहे आणि आपल्या भागातील कितीतरी शिक्षक त्याच प्रयोगशाळांतून तयार झाले आहेत. माझे माहेर हरिपूरचे, म्हणजे कृष्णा-वारणेच्या संगमावरचे. हळद साठवण्याच्या जमिनीखालच्या पेवांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात २००५ च्या महापुराचे पाणी पेवांत शिरले. २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे, तेव्हा आमच्या घरातील माळ्यावर चढवलेले सामानही भिजले. त्यामुळे या आराखड्यातील रसायनाविषयी आणि नदीविषयी गप्प राहणे मला शक्य नाही.

आधी भुकटीविषयी. १९७२ साली जपानमधील फुजिशिमा आणि होंडा या शास्त्रज्ञांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युतअग्रावर (इलेक्ट्रोडवर) प्रकाश पाडून पाण्यातील हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करता येतात, असे दाखवले. पदार्थ स्वस्त आणि टिकाऊ असल्याने साऱ्या जगाचे लक्ष तिकडे वळले, पण त्याची मर्यादाही लवकरच लक्षात आली. तो केवळ अतिनील किरण शोषतो आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशात त्या किरणांचा वाटा साधारण ४ ते ५ टक्केच असतो. मग दृश्य प्रकाश शोषणारे पदार्थ शोधणे आले. हेमॅटाइट, म्हणजे लोहाचे लाल ऑक्साइड, दृश्य प्रकाश चांगला शोषते, मात्र प्रकाशाने मोकळा झालेला धनभार त्याच्यात जेमतेम २ ते ४ नॅनोमीटर सरकतो आणि पृष्ठभागावर पाण्याशी गाठ पडण्याआधीच ऋणभाराशी मिळून संपतो. नॅनो आकाराचे महत्त्व येथे आहे. कण किंवा थर इतका बारीक करायचा की भाराला पृष्ठभाग जवळ पडावा. पण बारीक करत गेले की पृष्ठभागावरचे दोषही वाढतात आणि तेथेच भार पुन्हा एकत्र येतात. बिस्मथ व्हॅनाडेटपासून ऑक्सिजन चांगला सुटतो, हायड्रोजनसाठी मात्र बाहेरून विजेचा दाब द्यावा लागतो. कॅडमियम सल्फाइड दृश्य प्रकाशात हायड्रोजन देते आणि देता देता स्वतःच झिजून पाण्यात उतरते, शिवाय कॅडमियम विषारी आहे. या क्षेत्रात काम करणाऱ्यांचे आयुष्य अशा अडचणींतच जाते आणि त्यात काही गैर नाही.

आज आपण कोठे आहोत? २०२१ साली टोकियो विद्यापीठातील काझुनारी डोमेन यांच्या गटाने अॅल्युमिनियम मिसळलेल्या स्ट्रॉन्शियम टायटॅनेटच्या तावदानांची १०० चौरस मीटरची मांडणी उघड्यावर, खऱ्या सूर्यप्रकाशात चालवून दाखवली. हा या विषयातला मैलाचा दगड मानला जातो. सूर्यप्रकाशातील ऊर्जेचे हायड्रोजनमध्ये रूपांतर करण्याची तिची सर्वाधिक कार्यक्षमता ०.७६ टक्के होती, आणि व्यवहारात परवडण्यासाठी ५ ते १० टक्के तरी हवी असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्या मांडणीत उत्प्रेरक तावदानात पक्का बसवलेला होता, पाणी काचेखालच्या पातळ थरात होते, आणि एकत्र सुटणारे हायड्रोजन आणि ऑक्सिजन पडद्यातून गाळून वेगळे केले जात होते. हा वेगळा करण्याचा भाग सर्वांत जोखमीचा, कारण हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात हायड्रोजन असला तरी तो पेट घेऊ शकतो. आता हेच रसायन उघड्या, वाहत्या, गढूळ नदीत करायचे म्हटले तर वायू धरायचा कोठे आणि वेगळा करायचा कशाने, याविषयी आराखड्यात एक ओळही नाही.

हायड्रोजनचे बाजूला ठेवू आणि केवळ शुद्धीकरणाचा दावा घेऊ. बैठकीत निळ्या रंगाचे पाणी भुकटी टाकून उन्हात ठेवण्यात आले, ते हळूहळू रंगहीन झाले आणि टाळ्या पडल्या. मिथिलीन ब्लूचा हा प्रयोग आमचे पदवीचे विद्यार्थीही करतात. रंग जाणे म्हणजे त्या रेणूतला रंग देणारा भाग मोडणे. रेणूचे पुढे काय झाले, पाण्यातील सेंद्रिय कार्बन किती घटला, हे स्वतंत्रपणे मोजावे लागते. शिवाय ते पाणी ऊर्ध्वपातित होते. नदीच्या पाण्यात बायकार्बोनेट आणि कुजलेला पालापाचोळा असतो. उत्प्रेरकाने तयार केलेले क्रियाशील कण आधी त्यांच्यावर खर्च होतात आणि मैलापाण्यातल्या घाणीसाठी फारसे उरत नाहीत. गढूळपणाचे तर विचारू नका. आषाढ-श्रावणात कृष्णेचे पाणी तांबूस तपकिरी होते तेव्हा ओंजळीतल्या पाण्यातून हाताच्या रेषा दिसत नाहीत, मग तळाशी बसलेल्या भुकटीपर्यंत अतिनील किरण पोहोचणार तरी कसे?

ही भुकटी एकदा सोडली की परत काढता येत नाही, याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. प्रयोगशाळेत एका चंचुपात्रातल्या पाण्यात चिमूटभर टायटॅनियम डायऑक्साइड ढवळून रात्रभर ठेवले, तर सकाळी पाणी ताकासारखे पांढुरकेच असते. साध्या गाळणीच्या कागदातून बारीक कण पार जातात, अधिक बारीक गाळणी लावली तर ती तुंबते, आणि शेवटी ते पाणी नळ्यांत भरून मिनिटाला हजारो फेऱ्या घेणाऱ्या यंत्रात फिरवावे लागते, तेव्हा कोठे तळाशी पांढरी टिकली बसते. नदीत असे यंत्र नसते. तेथे ते कण गाळाला चिकटतील आणि गाळ खाऊन जगणाऱ्या किड्यांच्या व शिंपल्यांच्या पोटात जातील. प्रस्तावित भुकटीत चांदी आहे की जस्ताचे ऑक्साइड, हे पुरवठादाराने ‘व्यावसायिक गोपनीयता’ म्हणून सांगितलेले नाही. चांदीचे नॅनोकण जिवाणूंना मारतात, म्हणूनच ते बाजारात विकले जातात, आणि नदीतली घाण कुजवून पचवण्याचे काम करणारेही जिवाणूच असतात. जस्ताच्या ऑक्साइडमधून जस्त विरघळते, आणि ते जलचरांना बाधते. घटक न सांगता कोणतेही औषध माणसाला देता येत नाही, मग ज्या पाण्यावर एवढ्या मोठ्या शहराची तहान भागते त्यात ही भुकटी कोणत्या नियमाने सोडणार?

माझा विरोध हायड्रोजनला नाही, हेही स्पष्ट करते. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला १९,७४४ कोटी रुपयांची मंजुरी दिली असून २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट ठेवले आहे. राज्याचेही हरित हायड्रोजन धोरण त्याच वर्षी आले. ‘हायड्रोजन नदी पिऊन टाकेल’ ही भीतीही मला पटत नाही. रासायनिक हिशेबाने एक किलो हायड्रोजनला ९ लिटर पाणी लागते, म्हणजे देशाच्या संपूर्ण उद्दिष्टाला ४.५ कोटी घनमीटर, सुमारे १.६ टीएमसी (अब्ज घनफूट). शुद्धीकरण आणि थंड करणे धरून प्रत्यक्षात याच्या काही पट लागेल, तरीही एकट्या कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी आहे हे लक्षात घ्यावे. पण त्या अभियानाचा मुख्य रस्ता सौर आणि पवन विजेवर चालणाऱ्या विद्युत अपघटन यंत्रांचा आहे. त्यांना अतिशुद्ध पाणी लागते आणि ती बंद आवारात चालतात. नदीत भुकटी टाकण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. ‘हायड्रोजन’ हा शब्द या आराखड्यात कशासाठी आला असावा याचा अंदाज प्रत्येकाने आपापला करावा.

आता ‘आरोग्य समाधानकारक’ या वाक्याकडे वळते, कारण ते भुकटीपेक्षाही जास्त नुकसान करणार आहे.

या वाक्याला जो आधार दिला आहे तो पुलांवरून भरलेल्या पाण्याच्या बाटल्यांचा आणि त्यांतील दोन आकड्यांचा : विरघळलेला प्राणवायू आणि जैवरासायनिक प्राणवायू मागणी (बीओडी), म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत स्नानयोग्य पाण्यासाठी प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा अधिक आणि बीओडी ३ किंवा कमी असावी लागते. आकडे त्यात बसले, म्हणून नदी ठीक. नमुने घेतल्याच्या वेळा मात्र पाहा, सगळ्या सकाळी अकरा ते दुपारी तीनच्या दरम्यानच्या आहेत. येथे माझा विषय उपयोगी पडतो.

आम्हाला जे एवढ्या कष्टाने जमत नाही, ते शेवाळ रोज बिनबोभाट करत असते. प्रकाशसंश्लेषणात मँगॅनीजचे चार आणि कॅल्शियमचा एक अणू असलेला एक छोटासा पुंजका सूर्यप्रकाशाच्या जोरावर पाण्याचे विघटन करतो आणि त्यातून प्राणवायू सुटतो. नदीच्या पाण्यात दिवसा जो प्राणवायू वाढतो तो याच विघटनाचा. मैलापाण्यातून नत्र आणि स्फुरद येत राहिले, खताचे पाणी उसाच्या रानातून झिरपत राहिले आणि बंधाऱ्यामागे पाणी संथ साचले, की शेवाळ माजते आणि दुपारी प्राणवायूचा आकडा फुगतो. सूर्य मावळला की विघटन थांबते, श्वसन थांबत नाही. तेच शेवाळ, तेच जिवाणू, तळातला तोच कुजणारा गाळ रात्रभर प्राणवायू खात राहतात, आणि पहाटे, झुंजुमुंजू होण्याच्या सुमारास, पाण्यातला प्राणवायू सर्वांत खाली जातो. मासे गुदमरतात ते या वेळी. सकाळी काठावर पांढरी पोटे वर करून पडलेले मासे दिसतात, आणि दुपारी पुलावरून बाटली सोडणाऱ्याला लिटरला ६-७ मिलिग्रॅम प्राणवायू सापडतो. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी खऱ्या असतात.

त्याहून विचित्र म्हणजे आकडा जितका मोठा तितकी नदी निरोगी, असे आराखड्यात गृहीत धरले आहे. ३० अंश सेल्सिअसच्या पाण्यात हवेतून मिसळणारा प्राणवायू लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास थांबतो, सांगलीच्या उंचीवर त्याहून थोडा आधीच. त्याच्या बऱ्याच वर गेलेला दुपारचा आकडा नदीला चांगले गुण देण्यासाठी वापरता येत नाही, ते शेवाळ माजल्याचे लक्षण आहे. चोवीस तास पाण्यात राहून दर पंधरा मिनिटांनी नोंद घेणारे संवेदक आज सहज मिळतात. सरासरीपेक्षा त्या चोवीस तासांतली पहाटेची नीचांकी नोंद पाहिली पाहिजे.

आणि प्राणवायू कितीही नीट मोजला तरी तो पाण्याविषयी सांगेल. नदी म्हणजे केवळ पाणी नव्हे, हे नदीकाठच्या माणसाला सांगावे लागत नाही, आराखडा करणाऱ्यांना मात्र सांगावे लागत आहे. भिलवडी-औदुंबरपासून सांगली, हरिपूर ओलांडून म्हैसाळपर्यंतची कृष्णा संथ, वळणावळणाची, दोन्ही काठांना मळीची रानं असलेली नदी आहे. पूर दरसाल या रानांवर गाळ टाकून जातो. पाणी उतरले की गाळपेराची पिके होतात, काकडी, कलिंगड, भाजीपाला. काठाच्या आतल्या बाजूला वाळुंज, करंज, जांभूळ, उंबर उभे असतात. त्यांची मुळे दरड धरून ठेवतात, त्यांची सावली उन्हाळ्यात पाणी गार ठेवते, आणि त्यांचा पालापाचोळा किड्यांचे अन्न होतो. तळात डोह असतात, एप्रिल-मेमध्ये बाकी पात्र आटले तरी मासे तेथे तग धरतात. भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत, हे सांगलीकरांना नव्याने सांगायला नको. मगर अंडी घालते ती काठाच्या मऊ मातीत खड्डा करून, ऊन खायलाही तिला उतरता काठच लागतो.

नदीच्या आरोग्याची तपासणी या साऱ्याची व्हायला हवी. ती कशी करतात याच्या पद्धती तयार आहेत. ब्रिटनमधील नदी-अधिवास पाहणीत ५०० मीटरचा एक पट्टा घेऊन त्यातील १० ठिकाणी काठाची रचना, तळाचे स्वरूप, झाडी, बांधकाम यांची ठरलेल्या तक्त्यात नोंद करतात. माहितगार माणूस चालत जाऊन हे काम करू शकतो. युरोपीय संघाच्या २००० सालच्या पाणीविषयक निर्देशात नदीला पाच दर्जांपैकी एक मिळतो आणि त्यासाठी मासे, किडे, वनस्पती, प्रवाह आणि पात्राची घडण हे सर्व पाहतात. त्यात एक नियम मला फार प्रामाणिक वाटतो : अंतिम दर्जा सरासरीने न ठरता सर्वांत वाईट घटकावरून ठरतो. आपल्याकडेही नुसत्या रासायनिक तपासणीवर भिस्त नाही, तळाशी राहणाऱ्या कीटकांवरून पाण्याचा दर्जा ठरवण्याची जैविक पद्धत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फार पूर्वीच दिली आहे. धोम धरणाच्या वर, खडकाळ वाहत्या पाण्यातला एखादा दगड उलटा करून पाहावा. त्याच्या खालच्या बाजूला चपटी, तीन शेपट्यांची मेफ्लाय या कीटकाची पिल्ले सरपटताना दिसतात, शेजारी वाळूचे कण चिकटवून घर केलेली कॅडिस या कीटकाची अळी असते. या जिवांना स्वच्छ, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. सांगलीत नाल्याच्या मुखाखाली फावड्याने गाळ उचलला तर काळ्या, कुजक्या अंड्यासारखा वास मारणाऱ्या चिखलात लालभडक अळ्या वळवळताना दिसतात. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असते म्हणून त्या इतक्या कमी प्राणवायूत जगतात. दुपारी भरलेल्या बाटलीतून हा फरक दिसत नाही. त्या अळ्या मात्र तेथे महिनोन्‌महिने राहून नदीची नोंद ठेवत असतात.

या पार्श्वभूमीवर भिंतीचे कलम वाचावे. आपल्या राज्यात निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते, आणि निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम निषिद्ध आहे. प्रस्तावित भिंत त्या रेषेच्या आत आहे, तरी तिला ‘सुशोभीकरण’ म्हटल्यामुळे ती बांधकाम ठरत नाही, असा युक्तिवाद बैठकीत ऐकला. पुराच्या पाण्याला हा भेद कळत नाही. एका काठावर भिंत घातली की पाणी समोरच्या काठावर आणि खालच्या अंगाला जास्त चढते. संगमावर तर प्रश्न आणखी अवघड आहे, कारण कृष्णेची पातळी वाढली की वारणेचे पाणी मागे तुंबते. हरिपूरच्या लोकांनी हे अनुभवलेले आहे आणि त्यासाठी त्यांना कोणत्याही संगणकीय प्रारूपाची गरज पडली नाही. भिंतीने मळीची रानं नदीपासून तुटतील, काठावरची झाडी जाईल, आणि ज्या मगरींना उतरता काठ उरणार नाही त्या शेतातल्या पाण्याच्या चाऱ्यांत आणि ओढ्यांत शिरतील. मग त्याही बैठका होतील.

प्रवाहाचा मुद्दा या आराखड्यात मुळीच नाही, याचे मला सर्वांत नवल वाटते. उन्हाळ्यात सांगलीत किती पाणी वाहते हे बव्हंशी कोयनेतून किती सोडले जाते आणि वर टेंभू, ताकारीसारख्या उपसा योजना किती उचलतात यावर ठरते. कृष्णा पाणीवाटप लवादाने कोयनेचे ६७.५ टीएमसी पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवण्यास मान्यता दिलेली आहे. ते पाणी कृष्णेत परत येत नाही. त्या निवाड्याविषयी मला येथे वाद घालायचा नाही. पण नदीत माशांसाठी, डोहांसाठी, मैलापाणी विरळ होण्यासाठी किमान किती पाणी वाहते असावे याचा आकडा नसेल, तर सुशोभित काठावर उभे राहून पाहायचे ते काय? पाणी अडवणारे बरगे (फळ्या) घातलेल्या बंधाऱ्यामागचे हिरवे, थिजलेले पाणी?

शहराच्या मैलापाण्याविषयी थोडक्यात लिहिते, कारण मैलापाणी नदीत आणणाऱ्या शेरीनाल्याचा प्रश्न सांगलीत सर्वांना पाठ आहे. पाणी नदीत मिसळण्याआधी शुद्ध झाले पाहिजे, हे उत्तर तितकेच जुने आहे. त्यासाठी जिवाणूंवर चालणारी साधी, सिद्ध झालेली शुद्धीकरण केंद्रे, पंप आणि वीज लागते, आणि मुख्य म्हणजे ती चालू ठेवण्यासाठी वर्षानुवर्षे खर्च करावा लागतो. यात उद्घाटन करण्याजोगे काही नसते, हे मान्य.

माझ्या मागण्या अशा आहेत. नदीत, नाल्यात किंवा नदीला मिळणाऱ्या कोणत्याही ओढ्यात नॅनो पदार्थ सोडण्याचे कलम आराखड्यातून पूर्णपणे वगळावे. ‘प्रायोगिक तत्त्वावर’ हे शब्द घालूनही ते ठेवू नये. प्रकाश-उत्प्रेरकाचा उपयोग करून पाहायचाच असेल तर तो शुद्धीकरण केंद्राच्या अखेरच्या टप्प्यावर, बंद टाकीत, काचेवर किंवा पत्र्यावर पक्क्या बसवलेल्या थराच्या रूपात करावा. पदार्थाचे घटक आधी जाहीर करावेत आणि टाकीबाहेर जाणाऱ्या पाण्यात तो पदार्थ किती उतरतो याची स्वतंत्र तपासणी व्हावी. अशा प्रयोगाला मी आणि माझे सहकारी बिनमोबदला वेळ देऊ. आमचे विद्यार्थी यातून जे शिकतील ते आमच्या बंद खोलीतल्या प्रयोगांतून शिकत नाहीत.

भिंतीचे काम, निविदेसह, नदीच्या आरोग्याची पूर्ण तपासणी होईपर्यंत थांबवावे. ही तपासणी भिलवडीपासून म्हैसाळपर्यंत, वर्षाच्या तिन्ही ऋतूंत व्हावी. तीत चोवीस तासांची प्राणवायूची नोंद, तळातल्या किड्यांची व माशांची पाहणी, काठाची आणि झाडीची पट्ट्यापट्ट्याने नोंद, डोहांची खोली, वाळूची स्थिती आणि उन्हाळ्यातला प्रवाह, हे सर्व असावे. प्रत्येक पट्ट्याचा दर्जा त्याच्या सर्वांत वाईट घटकावरून ठरवावा आणि नकाशावर रंगाने दाखवून मराठीत प्रसिद्ध करावा, म्हणजे काठावरच्या गावाला आपला पट्टा कोणत्या रंगाचा आहे ते कळेल. या पाहणीत भोई समाजातील मासेमार, गाळपेर करणारे शेतकरी आणि नावाडी यांना मजुरी देऊन सामील करून घ्यावे. डोह कोठे होते आणि कधी बुजले हे त्यांच्याइतके कोणालाही ठाऊक नाही.

त्यानंतर जनसुनावणी सांगलीच्या सभागृहात एकच न घेता हरिपूर, भिलवडी आणि म्हैसाळ येथेही घ्यावी, आणि आराखड्याची मराठी प्रत किमान महिनाभर आधी ग्रामपंचायतीत ठेवावी.

आणि इतिवृत्त दुरुस्त करावे. मी बैठकीत या भुकटीला आणि दुपारच्या नमुन्यांना हरकत घेतली होती. ‘विचारविनिमय करण्यात आला’ या वाक्यापुढे ‘आणि त्यात हरकत नोंदवली गेली’ एवढे शब्द जोडावेत. ते जोडायचे नसतील तर तज्ज्ञांच्या यादीतून माझे नाव काढावे.

या पत्राचे उत्तर लेखी आणि जाहीर मिळावे, ही विनंती. आराखडा पुढील बैठकीत अंतिम मंजुरीसाठी येणार असल्याने त्याआधी ते आले तर त्याचा उपयोग होईल.

कळावे,

आपली,
सांगलीतील रसायनशास्त्राची एक शिक्षिका